पान्यावरचा आकडा

माझे मामा एस.टी.च्या डेपोत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या लोखंडी पेटीतला एक पाना मला आठवण म्हणून दिला. काळा, दणकट, हातात घेतला की वजन जाणवणारा. दांड्यावर ३/८ असा अपूर्णांक आणि त्यापुढे ‘डब्ल्यू’ हे इंग्रजी अक्षर ठोकलेले. मी पडलो इतिहासाचा माणूस. पण साधा हिशेब मलाही येतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याचे तीन-अष्टमांश म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. सहज पट्टी घेऊन पान्याचे तोंड मोजले, तर ते भरले अठरा मिलिमीटर! जवळजवळ दुप्पट.

मी विचारले, “मामा, हा आकडा चुकीचा ठोकलाय का?”

मामा म्हणाले, “आकडा बरोबर आहे रे. तो पान्याच्या तोंडाचा नाही, बोल्टाच्या जाडीचा आहे. साहेबाच्या वेळचं माप आहे ते.”

त्या दिवशी मला प्रथमच कळले की पाना ही नुसती लोखंडाची वस्तू नाही. त्याच्या दांड्यावर इतिहास लिहिलेला असतो. आणि तो इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला बाजारात पाना निवडताना सहसा कोणी फसवू शकत नाही.

वाचकहो, आज खेड्यापाड्यांत घरोघरी दुचाकी आहे, वस्तीवर ट्रॅक्टर आहे, एखाद्या वाड्यात जुनी जीपही उभी आहे. चाक काढणे, साखळी ताणणे, तेल बदलणे अशी लहानसहान कामे आपल्यापैकी पुष्कळजण घरीच करतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यासाठी हत्यारे कोणती घ्यावीत, चांगले हत्यार ओळखावे कसे, हे मात्र आपण दुकानदाराच्या तोंडावर सोडून देतो. म्हणून आज पान्याची कुळकथा सांगणार आहे. कुळ कळले की गुण ओळखणे सोपे जाते.

प्रथम मागे वळून आपल्या बैलगाडीकडे पाहू. गाडीचे चाक गावचा सुतार करी, त्यावर लोखंडी धाव गावचा लोहार चढवी. आखाच्या टोकाला चाक निसटू नये म्हणून जी कुणी घालतात, ती त्या आखाला बेतून केलेली असे. एका गाडीची कुणी दुसऱ्या गाडीला बसेलच असे नव्हते, आणि बसण्याची गरजही नव्हती. कुणी हरवली तर लोहार दोन घरे सोडून राहत होता. माप कुठे होते? लोहाराच्या डोळ्यात आणि हातात. ते कागदावर लिहून ठेवण्याचे कारण नव्हते.

विलायतेतही सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हीच अवस्था होती. कारखाने निघाले, वाफेची यंत्रे निघाली, पण यंत्राचे स्क्रू आणि बोल्ट प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने पाडी. बोल्टावर जी नागमोडी चढती रेघ असते, जिला आपण आटे म्हणतो, ती एकाची बारीक तर दुसऱ्याची जाड. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. यंत्र मोडले की ज्याने केले त्याच्याच दारात जावे लागे.

या गोंधळात शिस्त आणण्याचे काम लंडनमधल्या एका कारागिराने सुरू केले. त्याचे नाव हेन्री मॉडस्ले. १८०० सालच्या सुमारास त्याने अचूक आटे पाडणारा लेथ तयार केला. त्याच्या बाकावर जाडी मोजण्याचे एक यंत्र असे. त्या यंत्राला कारखान्यातले लोक ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत. लॉर्ड चॅन्सेलर म्हणजे तिकडचा सर्वांत वरचा न्यायाधीश. कामगारांत मापावरून वाद झाला की निवाडा या यंत्रापुढे व्हायचा आणि तो अखेरचा असायचा.

याच कारखान्यात एक तरुण काम शिकून गेला. तो जोसेफ व्हिटवर्थ. त्याचा जन्म १८०३ सालचा. १८३३ मध्ये त्याने मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. त्याने काय केले? आपलेच माप खरे असा हट्ट धरला नाही. देशातल्या निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली लंडनच्या अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचून सांगितले की, अमुक जाडीच्या बोल्टावर एका इंचात अमुक इतके आटे असावेत आणि आट्याचा कोन सगळीकडे ५५ अंश असावा. शोध म्हणावा असे त्यात फारसे काही नव्हते. सर्वांनी मान्य करावी अशी एक गोष्ट त्याने पुढे ठेवली, इतकेच. पण गावात दहा जणांनी मिळून एक गोष्ट मान्य करणे किती अवघड असते, हे तुम्हा-आम्हाला चांगले ठाऊक आहे!

पुढे क्रिमियाच्या युद्धात (१८५३ ते १८५६) इंग्लंडला लहान तोफनौकांची इंजिने फार घाईने हवी होती. जॉन पेन नावाच्या कारखानदाराने ती कामे अनेक कारखान्यांत वाटून दिली आणि भाग आल्यावर जुळवले. ठिकठिकाणी झालेले भाग एकमेकांना बसले, कारण माप एकच होते. व्हिटवर्थच्या मापाचे मोल सगळ्यांना पटले. मामांच्या पान्यावरचा ‘डब्ल्यू’ तो याच व्हिटवर्थचा. ३/८ ही बोल्टाची जाडी. त्या बोल्टाच्या नटाची समोरासमोरची रुंदी ०.७१ इंच, म्हणजे अठरा मिलिमीटर. हिशेब जुळला.

पण जगाने एकच माप मान्य केले असते तर हा इतिहास इथेच संपला असता. तसे झाले नाही. १८६४ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने म्हटले, ५५ अंशांचा गोलसर आटा पाडणे साध्या कारागिराला अवघड जाते. त्याने ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला आणि अमेरिकेने तो उचलला. युरोपातल्या मीटर-मिलिमीटरवाल्या देशांनी १८९८ साली झुरिकला परिषद भरवून आपला तिसरा मेळ घातला. झाले, एका घराच्या तीन चुली झाल्या! त्यातही अमेरिकन पान्यावरचा आकडा बोल्टाची जाडी सांगत नाही, नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर सांगतो. म्हणजे इंग्रजी अर्ध्या इंचाचा पाना आणि अमेरिकन अर्ध्या इंचाचा पाना शेजारी ठेवले, तर इंग्रजी पान्याचे तोंड २३ मिलिमीटरच्या वर आणि अमेरिकन पान्याचे १३ मिलिमीटरपेक्षाही कमी. दुसऱ्या महायुद्धात पोलाद वाचवण्यासाठी इंग्रजांनी बोल्टांची डोकी एक माप लहान केली, म्हणून काही जुन्या इंग्रजी पान्यांवर दोन-दोन आकडे दिसतात. त्याच युद्धात मित्रराष्ट्रांना एकमेकांचे बोल्ट एकमेकांना चालेनात, तेव्हा कुठे १९४८ च्या नोव्हेंबरात इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी एका समान आट्यावर सह्या केल्या.

या तिन्ही चुलींचा धूर आपल्या घरात आला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि रेल्वेच्या कारखान्यांबरोबर व्हिटवर्थचे माप या देशात शिरले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग १८८८ मध्ये बेळगावात सायकलींपासून सुरू झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगराचा कारखाना उभा राहिला. सायकल, लोखंडी नांगर, चरक यांच्याबरोबर नट-बोल्ट खेड्यात आले आणि त्यांच्या पाठोपाठ पाना आला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. सुटली, तेव्हा डेपोतल्या फिटरच्या पेटीत इंग्रजी मापांचे पाने होते. पण त्याच सुमारास मुंबईत जीप जुळवल्या जाऊ लागल्या, त्यांचे नट अमेरिकन मापाचे. पुढे मद्रासला १९५५ पासून बुलेट तयार होऊ लागली, तिचे माप इंग्रजी. मग फियाट आल्या, व्हेस्पा स्कूटर आल्या, १९६१ पासून म्हैसूरची जावा आली, या सगळ्यांचे माप मिलिमीटरचे. त्या काळच्या मिस्तरीला एकाच कामासाठी तीन पेट्या बाळगाव्या लागत.

आपल्या सरकारने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. शेर-मण जाऊन किलो आला हे सगळ्यांना आठवते. पण त्याच बरोबर नट-बोल्टही इंचांतून मिलिमीटरमध्ये गेले, हे फार थोड्यांच्या ध्यानात आहे. हा बदल एका रात्रीत झाला नाही. म्हणूनच आजही जुन्या जीपला, जुन्या बुलेटला, कित्येक जुन्या ट्रॅक्टरांना इंची नट सापडतात आणि नव्या दुचाकीला मिलिमीटरचे.

आता तुम्ही म्हणाल, अहो, अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते? पाना थोडा सैल तर सैल. याचे उत्तर मी माझ्याच फजितीने देतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस. वडिलांना सकाळी तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीला न्यायचे होते. पाहतो तो दुचाकीचे मागचे चाक बसलेले. मी आठवडी बाजारातून बारा पान्यांचा एक चकचकीत संच आणला होता, भाजीच्या भावात. मोठ्या ऐटीत तो उघडला. आखाच्या नटावर पाना लावला, जोर केला, तो हलेना. पाय देऊन दाबला. खाट्कन पाना निसटला, माझी बोटे साखळीच्या दात्यांवर आपटली आणि सोलून निघाली. नटाचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला. आता त्यावर कोणताच पाना बसेना. वडील प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. ओट्यावर छत्री घेऊन बसले होते. त्यांनी तो पाना मागून घेतला, डोळ्यांपाशी धरला आणि म्हणाले, “अरे, याचं तोंड बघ. हसतंय.” खरेच, पान्याचे दोन्ही जबडे बाहेर फाकले होते. मग आम्ही दोघे चिखलातून फाट्यापर्यंत चालत गेलो. एस.टी. गेलेली होती. दुसरी मिळेपर्यंत दीड तास त्यांना दरडीखाली उभे राहावे लागले. तपासणी दुपारी झाली, काही वाईट घडले नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पावसात उभे करण्याइतका तो पाना स्वस्त नव्हता, हे मला तेव्हा उमगले.

यात घडले काय, ते समजून घेऊ. १९ मिलिमीटरचा नट घ्या. त्याच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे ११ मिलिमीटर. पान्याचा दांडा २२ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या वीसपट. तुम्ही टोकाला दहा किलोचा जोर लावला, तर नटाच्या कोपऱ्यांवर मिळून दोनशे किलोचा भार पडतो. पाना नीट बसलेला असेल तर हा भार नटाच्या सपाट बाजूवर पसरतो. पाना सैल असेल तर तोच भार नुसत्या कोपऱ्याच्या धारेवर येतो. दोनशे किलोचे पोते एका टाचणीवर ठेवल्यासारखे ते होते. कोपरा झिजणारच. जीपच्या ९/१६ इंची नटाची रुंदी १४.३ मिलिमीटर आहे. त्यावर १४ चा पाना जात नाही म्हणून लोक १५ चा लावतात. त्या पाऊण मिलिमीटरच्या फटीने किती नट आजवर गोल केले असतील, त्याची गणती नाही.

आता राहिली गोष्ट पोलादाची. आपला गावचा लोहार विळा किंवा फाळ तापवून, ठोकून, शेवटी पाण्यात बुडवतो. याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. पाणी जास्त बसले तर धार कडक होते पण तुकडा पडतो, कमी बसले तर धार मुडपते. जाणता लोहार तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून नेमके पाणी देतो. पान्याचीही हीच परीक्षा आहे. तो फार कडक असेल तर मोडेल, फार मऊ असेल तर माझ्या पान्यासारखा हसेल. त्याला कडक आणि चिवट दोन्ही व्हावे लागते. पूर्वी हे साधायला पाना जाडजूड करावा लागे. पुढे पोलादात क्रोमियम आणि व्हॅनेडियम या धातूंचा अंश मिसळू लागले आणि बारीक अंगाचा पानाही मोठा भार सोसू लागला.

या पोलादाची ओळख सामान्य माणसाला मोटारीमुळे झाली. हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी ही गाडी काढली, तिच्या महत्त्वाच्या भागांत व्हॅनेडियम पोलाद होते. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ अमेरिकन शेतकऱ्यांच्या दारात गेल्या. जवळपास मिस्तरी नाही, शहर लांब. तेव्हा कंपनी गाडीबरोबरच पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर अशी थोडी हत्यारे देई आणि शेतकरी खळ्यात बसून आपली गाडी आपणच दुरुस्त करी. म्हणजे घरी गाडीचे काम करणारा पहिला मोठा वर्ग शेतकऱ्यांचाच होता, हे आपण ध्यानात ठेवावे. पुढे १९२० साली जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सायडमन या दोघांनी अशी कल्पना काढली की, दर मापाला वेगळा दांडा कशाला? टोपीसारख्या वाट्या वेगळ्या, दांडे वेगळे, हवे ते जोडून घ्यावे. पाच दांडे आणि दहा वाट्या यांत पन्नास हत्यारांचे काम होऊ लागले. आज ज्याला आपण सॉकेटचा संच म्हणतो, त्याची ही सुरुवात.

मागे-पुढे सरकणाऱ्या जबड्याचा पानाही आपल्याकडे घरोघर असतो. त्याचे आजचे रूप स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन याने १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत दिले. गंमत अशी की, त्याच्या कामात मापांचा हाच घोटाळा आडवा येई, प्रत्येक ठिकाणच्या नटाला वेगळा पाना लागे. त्यातून त्याला ही युक्ती सुचली. मात्र हा पाना म्हणजे आपद्धर्म आहे. नेमक्या मापाचा पाना जवळ असताना तो वापरू नये.

एवढा इतिहास ऐकल्यावर आता बाजारात जाऊ. कोणत्याही कंपनीचे नाव मी घेणार नाही, कशी पारख करावी तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट, आधी आपले वाहन पाहावे, मग पाना. गाडीबरोबर आलेले माहितीपुस्तक वाचावे किंवा नट मोजून वहीत टिपून ठेवावे. जपानी घराण्याच्या दुचाकींना बहुधा १०, १२, १४, १७ आणि १९ ही मापे लागतात. इतर गाड्यांना १३ हे माप वारंवार लागते. जुन्या इंची गाडीला इंचीच पाना घ्यावा. बारा मापांचा हलका संच घेण्यापेक्षा आपल्याला लागणारी पाच मापे चांगल्या पोलादाची घ्यावीत. पैसे तेवढेच जातील आणि हत्यार मुलाच्या हाती जाईल.

दुसरी गोष्ट, पान्याच्या जाती ओळखाव्यात. उघड्या तोंडाचा पाना दोनच बाजू धरतो. बंद तोंडाचा, ज्याला रिंग पाना म्हणतात, तो सहाही कोपरे धरतो. म्हणून घट्ट नट आधी रिंग पान्याने सैल करावा आणि मग उघड्या पान्याने भराभर फिरवावा. ज्याच्या एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडे तोंड, असा पाना घरच्या कामाला सोयीचा. उघड्या पान्याचे तोंड दांड्याशी १५ अंश वाकडे असते, ते काही उगीच नाही. अडचणीच्या जागी थोडा फिरवावा, काढून उलटा करावा, पुन्हा लावावा. अशाने दांडा एका वेळी ३० अंशच फिरला तरी नट निघतो.

तिसरी गोष्ट, झळाळीला भुलू नये. वरचा चकचकीत मुलामा गंजापासून राखतो, बळ देत नाही. दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी अक्षरे पाहावीत, पण अक्षरे कोणीही ठोकू शकतो. म्हणून भारतीय मानक ब्यूरोचा क्रमांक आणि करणाऱ्याचे नाव पाहावे. उघड्या पान्यांसाठी आय.एस. २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आय.एस. २०२९ ही मानके आहेत. १९४७ साली आपल्याकडे मानक संस्था स्थापन झाली, ती याच मापांच्या गोंधळातून देशाला सोडवण्यासाठी. आपल्या देशातही उत्तम हत्यारे होतात. जालंधर, लुधियाना, राजस्थानातले नागौर आणि आपले नाशिक ही गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

चौथी गोष्ट, दुकानात जाताना खिशात एक नवा कोरा बोल्ट ठेवावा. पाना त्यावर लावून पाहावा. तो अडखळता कामा नये आणि खुळखुळताही कामा नये. तोंडाचे दोन्ही जबडे समांतर आहेत का, आतल्या बाजूला खरखर किंवा ओतकामाचे दाणे आहेत का, हे बोट फिरवून बघावे. आकडा ठसठशीत असावा, कारण पावसाळी संध्याकाळी बॅटरीच्या उजेडात तो वाचता आला पाहिजे.

पाचवी गोष्ट स्क्रू ड्रायव्हरची. चौफुलीचा स्क्रू अमेरिकेत हेन्री फिलिप्सने १९३६ च्या सुमारास प्रचारात आणला. त्याच्या टोकालाही क्रमांक असतात. दुचाकीवर दोन क्रमांकाचे टोक जास्त लागते. लहान टोक मोठ्या चौफुलीत घालून फिरवले की खाच झिजते आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय गत्यंतर नसते. जपानी गाड्यांची चौफुली थोडी निराळी असते, तिला जपानी मापाचे टोक मिळाले तर घ्यावे.

आणि वापराचे दोन शब्द. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. ढकलावाच लागला तर मूठ न वळता उघड्या तळव्याने ढकलावा. म्हणजे निसटला तरी बोटे वाचतात. सरकत्या जबड्याचा पाना असा लावावा की भार न हलणाऱ्या जबड्यावर येईल. दांड्यावर पाइप चढवून जोर वाढवू नये, कारण दांड्याची लांबी त्या मापाच्या नटाला बेतूनच ठेवलेली असते. नट गंजला असेल तर आदल्या रात्री तेल सोडावे आणि सकाळी प्रयत्न करावा. नटावर पक्कड कधीही लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालू नये, खाली भक्कम टेकू द्यावा. काम झाले की पाना फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावा.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मापनाचा धडा शिकवताना मुलांना घरचा एकेक जुना पाना आणायला सांगा. तोंड मोजू द्या, आकडा वाचू द्या. तीन मुलांच्या पान्यांवर तीन देशांची मापे निघतील आणि अपूर्णांक, दशांश, भूगोल आणि इतिहास एकाच तासात होतील. मुले तो तास विसरणार नाहीत. शिवाय त्यांना हेही समजेल की माप ही सरकारने लादलेली गोष्ट नव्हे. अनोळखी माणसांनी एकमेकांशी केलेला तो करार आहे. कुठल्याशा गावात कोणी नट केला, दुसऱ्या गावात कोणी पाना केला, दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, तरी आपल्या अंगणात ते एकमेकांना नेमके बसतात. तो करार जो कारखाना प्रामाणिकपणे पाळतो, त्याचा पाना चांगला.

माझ्या घरी आता पाचच मिलिमीटरचे पाने आहेत आणि सहावा मामांचा. अठरा मिलिमीटरचा नट कधी भेटला, तर तो मामांचा पाना त्यावर अजून घट्ट बसतो. त्याच्या तोंडाला हसू आलेले नाही.